'सायलेंट नाइट' उंदरामुळे जन्मलं नाही

डिसेंबर लागला की चर्चमध्ये गाणाऱ्या आमच्या क्वायरच्या ग्रुपवर 'सायलेंट नाइट' या नाताळगीताच्या जन्माचा तो मेसेज येतोच. यंदा पहिल्या आठवड्यातच तिघांनी टाकला, त्यात एक माझी सख्खी मावशी. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, गोष्ट मात्र तीच असते. ज्यांच्यापर्यंत ती अजून पोचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

१८१८ सालच्या नाताळची आदली रात्र. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला. मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे नाताळची उपासना, आता संगीताविना होणार! हताश झालेला तरुण धर्मगुरू बर्फातून चालत निघाला, चांदण्यात निजलेलं गाव त्याने पाहिलं आणि घरी येऊन एका बैठकीत गाणं लिहिलं. ऑर्गन नाही म्हणून नाइलाजाने मित्राने गिटारवर चाल बसवली. पुढे ते गाणं सगळे विसरले. कित्येक वर्षांनी ऑर्गन दुरुस्त करायला आलेल्या कारागिराला तो धुळीने भरलेला कागद सापडला आणि गाणं जगभर गेलं. १९१४ मध्ये याच गाण्याने पहिलं महायुद्ध एका रात्रीसाठी थांबवलं. शेवटी तात्पर्य: उंदरांनी भाता कुरतडला नसता तर 'सायलेंट नाइट' जन्मलंच नसतं.

इतकी वर्षं मी हा मेसेज वाचून पुढे जात होते. यंदा आमच्या धर्मग्रामातली (पॅरिशमधली) धर्मशिक्षणाच्या वर्गाची मुलं या गोष्टीवर नाटिका बसवताहेत. करड्या कापडाची शेपूट शिवून झाली आहे. तालमीला मी पेटी घेऊन बसले होते, तेव्हा उंदीर झालेल्या नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारलं, "आंटी, हा उंदीर खरंच होता का?" त्याला मी उत्तर दिलं, पण ते फार तुटक झालं. नीट उत्तर इथे लिहिते आहे. मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊ.

"उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला"

उंदीर भाता कुरतडतात हे मला कोणी पटवून द्यायला नको. पावसाळ्यात आमची जुनी पेटी महिनाभर कपाटात राहिली होती. उघडली तर भात्याच्या घडीवरचं चामडं दोन बोटं कुरतडलेलं. हवा भरावी तर फुस्स करून निघून जाई, सूर उमटायच्या आधीच मरे. त्या रविवारी आम्ही तबला आणि झांजेवर मिस्सा गायली. म्हणजे असं होऊ शकतं. गोष्टीतल्या त्या खेड्यात, ओबर्नडोर्फच्या सेंट निकोलस चर्चमध्ये, असं झालं का, एवढाच प्रश्न आहे.

याला उत्तर देऊ शकेल अशी माणसं दोनच. शब्द लिहिणारा साहाय्यक धर्मगुरू योझेफ मोर आणि चाल बांधणारा शिक्षक फ्रान्झ झेवियर ग्रुबर. (झेवियर हे नाव जुन्या गोव्यात ज्यांचं शव ठेवलं आहे त्याच संतावरून. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात विणकराच्या पोराला ते नाव मिळावं याचं मला दर वेळी नवल वाटतं.) यातल्या ग्रुबरने साक्ष लिहून ठेवली आहे.

तिचं कारण असं घडलं. १८५४ पर्यंत हे गाणं जर्मन मुलखात सगळीकडे पोचलं होतं, पण ते कुणाचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक बिनदिक्कत मिखाएल हायडन या नामांकित संगीतकाराचं नाव घेत. बर्लिनच्या प्रशियन दरबाराच्या संगीत विभागाने साल्झबुर्गच्या सेंट पीटर मठाकडे विचारणा केली, की हायडनच्या हातची मूळ प्रत तुमच्याकडे आहे का? मठाच्या क्वायरमध्ये ग्रुबरचा मुलगा फेलिक्स गात होता. त्याच्यामार्फत हा प्रश्न हालाइन गावी राहणाऱ्या बापापर्यंत आला. ग्रुबर तेव्हा ६७ वर्षांचा होता. ३० डिसेंबर १८५४ रोजी त्याने एक छोटं निवेदन लिहिलं. शीर्षकच असं, की 'सायलेंट नाइट' हे गीत रचण्यामागचं खरं निमित्त.

निमित्त! म्हणजे उंदीर असायचा तर इथेच असायला हवा होता. ग्रुबर लिहितो, की २४ डिसेंबर १८१८ रोजी ओबर्नडोर्फच्या नव्याने स्थापन झालेल्या धर्मग्रामातले साहाय्यक धर्मगुरू योझेफ मोर यांनी, तिथे ऑर्गनवादकाचं काम सांभाळणाऱ्या आणि आर्न्सडोर्फला शिक्षक असलेल्या फ्रान्झ ग्रुबरच्या हाती एक कविता दिली. दोन एकल आवाज, क्वायर आणि गिटारची साथ यांसाठी तिला योग्य चाल लावावी अशी विनंती केली. त्याच संध्याकाळी ग्रुबरने आपली साधीशी रचना त्यांना नेऊन दिली, त्या पवित्र रात्री ती लगेच गायली गेली आणि सर्वांना आवडली.

निमित्ताबद्दलचा मजकूर एवढाच. बिघडलेला ऑर्गन नाही, भाता नाही, उंदीर नाही. आणि ही साक्ष ऑर्गन वाजवणाऱ्याची आहे, हे ध्यानात घ्या. ज्याचं वाद्य ऐन नाताळात बंद पडलं, तो माणूस गाण्याच्या जन्माची हकिगत सांगताना ते सांगायचं विसरेल? माझ्या पेटीचा भाता फाटला ती तारीख मला आजही पाठ आहे.

मग ऑर्गन ठणठणीत होता का? तसं मी म्हणत नाही. तो जुना झाला होता, आणि १८२५ मध्ये कार्ल माउराखर या कारागिराने ओबर्नडोर्फला नवा ऑर्गन बसवला. लोकांनी हे दोन धागे नंतर जोडले असणार. ऑर्गन जुना होता हे खरं, गिटारवर गाणं झालं हेही खरं, म्हणजे ऑर्गन बंद पडला म्हणून गिटार आली. पुढे 'बंद का पडला?' या प्रश्नाला कुणीतरी उंदीर जोडून दिला. तो आला विसाव्या शतकातल्या रंगवलेल्या गोष्टींमधून. ग्रुबरच्या निवेदनात तो नाही आणि मोरच्या हस्तलिखितात तर नाहीच. त्या हस्तलिखिताकडे पुढे येतेच.

"नाइलाजाने गिटारवर चाल बसवली"

या वाक्याचा मला उंदरापेक्षा जास्त राग येतो. उंदराने कुणाचं काही बिघडत नाही. हे वाक्य मात्र दोन माणसांच्या जाणत्या निवडीला तडजोड ठरवतं.

ग्रुबरचं वाक्य पुन्हा वाचा. कविता हातात देतानाच मोरने गिटारची साथ मागितली होती. कारण मोर गिटार वाजवायचा. त्याची स्वतःची गिटार आजही हालाइनच्या संग्रहालयात, ग्रुबरच्या जुन्या घरात, जपून ठेवलेली आहे. इतकंच नाही, ओबर्नडोर्फमधल्या त्याच्या वरिष्ठ धर्मगुरूने त्याच्याविरुद्ध वरती तक्रार केली होती. हा तरुण धर्मगुरू लोकांत फार मिसळतो, थट्टामस्करी करतो आणि धर्मगुरूला न शोभणारी गाणी गातो, असा तिचा सूर. अशा माणसाने नाताळच्या गाण्याला गिटार मागितली तर ऑर्गनला काय झालं हे शोधायची गरजच काय?

गिटार तेव्हा घरातलं, खानावळीतलं, अंगणातलं वाद्य होतं. वेदीजवळचं नव्हतं. मिस्सा लॅटिनमध्ये चाले, आणि हे गीत जर्मनमध्ये, म्हणजे नावाडी आणि त्यांच्या बायकापोरांच्या रोजच्या बोलीजवळच्या भाषेत. लॅटिन मिस्सेच्या विधीत त्याला जागा नव्हती. ते मिस्सा आटोपल्यावर येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढे गायलं गेलं असं मानतात. मोर वरचा आवाज आणि गिटार, ग्रुबर खालचा आवाज, आणि कडव्याची शेवटची ओळ क्वायरने उचलायची.

वसईत वाढलेल्या कुणालाही हे दृश्य परकं वाटू नये. आमच्याकडेही १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्येच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आली आणि मराठीच्या मागोमाग पेटी-तबला आला. माझ्या आजोबांना चर्चमध्ये तबला ऐकून पहिल्यांदा चक्क अवघडल्यासारखं झालं होतं. तबला म्हणजे भजनाचा, नाटकाचा, लग्नाचा. आज आमच्या क्वायरने तबल्याशिवाय नाताळ गायला तर तेच लोक विचारतील, आज ठेका का नाही? पण तबला आला तेव्हा तो ऑर्गन मोडला म्हणून आला नव्हता. लोकांच्या तोंडी जे सूर होते ते वेदीपाशी यावेत असं कुणाला तरी मनापासून वाटलं म्हणून आला. मोरने १८१८ मध्ये जे केलं ते याच जातीचं होतं.

आणि ग्रुबरची चाल तर गिटारच्या बोटांतूनच उमलल्यासारखी आहे. ती सहाच्या मात्रांत चालते, तीन आणि तीन. पहिल्यांदा मी ती पेटीवर वाजवायला घेतली तेव्हा आमच्या तबलजीने काही न विचारता दादरा धरला, आणि गाणं जागच्या जागी बसलं. पहिली मात्रा जरा लांबवलेली, दुसरी चिमटीत धरल्यासारखी आखूड, तिसरीवर सोडून द्यायचं. पाळण्याच्या दोरीला दिलेला झोका अगदी असाच जातो. दोन आवाज एकमेकांशेजारून, बहुतेक तिसऱ्या सुराचं अंतर राखत चालतात, कुठेही ओढाताण नाही. शेवटच्या ओळीत आवाज एकदाच वर चढतो आणि मग पायरीपायरीने खाली, बाळ झोपलं की माणूस जसा पाऊल न वाजवता उतरतो तसा. ऑर्गनचा भरीव, सलग सूर याला जमतो, पण तारेवरचं बोट जो हलका ठोका देऊन थांबतं, तो झोका त्यात पातळ होतो. ग्रुबरने पुढे स्वतःच ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी या गाण्याच्या निरनिराळ्या प्रती केल्या. पण पहिली मागणी गिटारचीच होती.

"एका बैठकीत, त्याच रात्री लिहिलं"

चाल त्याच दिवशी बांधली गेली, हे ग्रुबरच सांगतो, तेव्हा मेसेजमधलं हे अर्धं खरं आहे. ओबर्नडोर्फहून आर्न्सडोर्फ तीनेक किलोमीटर. शाळेच्या वरच्या मजल्यावर ग्रुबरचं बिऱ्हाड होतं, ती इमारत अजून उभी आहे. शाळामास्तराने दुपारच्या काही तासांत दोन आवाज, क्वायर आणि साथ असं सगळं कागदावर उतरवलं, ही त्याच्या हाताची तयारी. यात मला चमत्कार दिसत नाही. १८०७ पासून तो तिथे मुलांना शिकवत होता आणि १८१६ पासून ओबर्नडोर्फला ऑर्गनवर बसत होता.

शब्द मात्र त्या रात्रीचे नाहीत. ते दोन वर्षं आधीचे आहेत.

हे कळायला १९९५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी मोरच्या स्वतःच्या हातची एक प्रत उजेडात आली, आता ती साल्झबुर्गच्या संग्रहालयात आहे. सहा कडवी, गिटारच्या साथीसह, वर शीर्षक 'नाताळगीत'. कोपऱ्यात मोरने चालीसमोर ग्रुबरचं नाव घातलं आहे आणि शब्दांसमोर स्वतःचं, हुद्दा साहाय्यक धर्मगुरू, साल १८१६. ग्रुबरने निवेदन लिहिलं तेव्हा मोर जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला विचारायची सोय उरली नव्हती. ग्रुबरने 'कविता हाती दिली' एवढंच लिहिलं. ती कधी लिहिली हे त्यात नाही. वाचणाऱ्यांनी मात्र गृहीत धरलं की शाई ओली होती.

आणि १८१६ हे साल एकदा कळलं की बर्फातल्या त्या चांदण्या फेरफटक्याची गरजच उरत नाही. त्या वर्षी मोर ओबर्नडोर्फमध्ये नव्हताच. तो साल्झबुर्गच्या दक्षिणेला, डोंगरात उंचावरच्या लुंगाऊ खोऱ्यात, मरियाफार या गावी होता. वय २३. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं, बाप सैन्यातून पळालेला शिपाई, नावापुरता धर्मपिता म्हणून शहरातला जल्लाद. बेकायदा जन्माच्या मुलाला धर्मगुरू व्हायला वेगळी परवानगी लागायची, ती काढून १८१५ मध्ये त्याची दीक्षा झाली होती. मरियाफारच्या चर्चमधल्या एका जुन्या चित्रात बाळ येशूचे केस सोनेरी आणि कुरळे आहेत. मोरच्या पहिल्या कडव्यात कुरळ्या केसांचं गोजिरं बाळ येतं, त्याचा उगम तिथले लोक या चित्रात दाखवतात.

ते साल कसलं होतं, हे बघा. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याची धूळ आकाशात पसरून १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. पाऊस आणि थंडी सरेना, पिकं शेतात कुजली, धान्याचे भाव चढले, आल्प्सच्या खोऱ्यांत उपासमार झाली. त्यात नेपोलियनची युद्धं नुकतीच संपलेली. साल्झबुर्ग म्हणजे शतकानुशतकं स्वतंत्र धर्मसंस्थान. १८०३ मध्ये ते मोडलं, आणि पुढच्या तेरा वर्षांत त्या मुलखाने कितीतरी मालक पाहिले. ऑस्ट्रिया, मग फ्रेंच, मग बव्हेरिया, आणि १८१६ मध्ये पुन्हा ऑस्ट्रिया. अशा वर्षी, अशा गावी कुणीतरी 'शांत रात्र' लिहितो. ज्याच्या आसपास शांतता नाही त्याने मागितलेली ती शांतता आहे.

इंग्रजीतून जगभर जी तीन कडवी गायली जातात ती मूळची पहिलं, सहावं आणि दुसरं. मधली तीन आपण ऐकतच नाही. चौथ्यात मोर म्हणतो, की आज देवाच्या पितृप्रेमाचं सारं सामर्थ्य ओसंडलं आणि येशूने भाऊ होऊन जगातल्या लोकांना मिठीत घेतलं. जगातले लोक, म्हणजे सगळी राष्ट्रं. बव्हेरियन, फ्रेंच, ऑस्ट्रियन. कालपर्यंत एकमेकांची कोठारं लुटणारे. उंदराच्या गोष्टीत हे कडवं कुठे बसवणार?

ओबर्नडोर्फचंही तेच. ग्रुबर 'नव्याने स्थापन झालेलं धर्मग्राम' म्हणतो, ते नवं का होतं? कारण १८१६ च्या वाटणीत साल्झाख नदी सरहद्द झाली. नदीपलीकडचं लाउफन शहर बव्हेरियाला गेलं, अलीकडचं त्याचंच उपनगर ओबर्नडोर्फ ऑस्ट्रियात राहिलं. एकाच गावाचे दोन देश. इथले लोक नावाडी, हालाइनच्या खाणींतलं मीठ होड्यांतून खाली नेणारे. सेंट निकोलस नावाड्यांचा पालक, म्हणून चर्च त्याचं. हिवाळ्यात नदीचं काम बंद, हात रिकामे. ज्यांचं मुख्य चर्च, नातेवाईक आणि बाजार एका रात्रीत परदेशात गेला, अशा लोकांपुढे १८१८ च्या नाताळात मोर आणि ग्रुबर उभे होते. मोरने दोन वर्षं जपलेली कविता तेव्हा बाहेर काढली.

"गाणं विसरलं गेलं, कागद धुळीत सापडला"

हे लवकर आटोपते, कारण इथे वाद घालण्यासारखं फार नाही. गाणं विसरलं गेलंच नाही, ते वापरात राहूनच पसरलं. कारागीर माउराखर हा टिरोलमधल्या त्सिलरताल खोऱ्याचा. कामानिमित्त आलेला तोच हे गाणं आपल्या खोऱ्यात घेऊन गेला असं मानलं जातं. त्सिलरतालमधली घराणी तेव्हा हातमोजे वगैरे विकायला जर्मनीच्या जत्रांना जात आणि गिऱ्हाइकं जमवायला गात. श्ट्रासर भावंडांनी १८३२ च्या सुमारास लाइप्झिगमध्ये ते गायलं, आणि पुढे ड्रेस्डेनला 'अस्सल टिरोली गीतां'त ते छापलं गेलं. अस्सल टिरोली! मोर नाही, ग्रुबर नाही. राइनर घराणं ते अमेरिकेत घेऊन गेलं, १८३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ते गायलं असं सांगतात. १८५९ मध्ये त्याच शहरातल्या जॉन फ्रीमन यंग या धर्मगुरूने आज आपण गातो तो इंग्रजी तर्जुमा छापला.

हरवलं काय असेल तर दोघांची नावं. मोर ४ डिसेंबर १८४८ रोजी वाग्राइनला वारला. तिथे त्याने गरिबांच्या मुलांसाठी शाळा उभारायला मदत केली होती आणि हाती काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्याच्या हयातीतलं एकही चित्र नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुतळा करायचा म्हणून त्याची कबर उकरली, चेहरा घडवण्यासाठी कवटी काढली आणि ती आज ओबर्नडोर्फच्या स्मारक चॅपेलच्या भिंतीत आहे. जुनं सेंट निकोलस चर्च पुरांनी खचलं, ते पाडलं, आणि त्या जागी हे लहानसं अष्टकोनी चॅपेल बांधलं. त्याचं काम १९३७ मध्ये पुरं झालं. सांगायची तर ही गोष्ट सांगावी.

"१९१४ मध्ये या गाण्याने महायुद्ध थांबवलं"

१९१४ चा नाताळ खरा आहे आणि तो कमी लेखायचा नाही. फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर ठिकठिकाणी जर्मन आणि ब्रिटिश सैनिक खंदकांतून बाहेर आले, हात मिळवले, सिगारेटी वाटल्या, मधल्या पट्ट्यात दिवसेंदिवस पडलेली प्रेतं पुरली. लाखाच्या आसपास सैनिक यात असावेत असा अंदाज आहे. त्या ओळीत आपल्या हिंदी पलटणीही होत्या. गढवाल रायफल्सच्या समोरही जर्मन बाहेर आले होते.

पण युद्ध थांबलं नव्हतं. काही मैल थांबलं, शेजारच्या मैलांत गोळीबार चालू होता, आणि त्या दिवशीही माणसं मेली. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी डिसेंबरच्या सुरुवातीला नाताळापुरती युद्धबंदीची विनंती केली होती, ती सरकारांनी मानली नाही. जिथे बंदुका थांबल्या तिथे चिखल, थंडी, प्रेतांचा वास आणि हाकेच्या अंतरावरचा शत्रू यांनी ते आधीच शक्य करून ठेवलं होतं. 'श्टिले नाख्ट', म्हणजे मूळ जर्मन 'सायलेंट नाइट', बऱ्याच जागी ऐकू आलं, सैनिकांच्या आठवणींत ते आहे. पण बेल्जियममधल्या प्लूगस्टीर्टच्या जंगलापाशी लंडन रायफल ब्रिगेडच्या एका शिपायाने जे सांगून ठेवलं ते मला फार मोलाचं वाटतं. जर्मनांनी 'श्टिले नाख्ट' म्हटलं, ब्रिटिशांनी आपलं एक कॅरोल म्हटलं, असं आळीपाळीने चाललं. शेवटी ब्रिटिशांनी 'ओ कम ऑल यी फेथफुल' सुरू केलं, तेव्हा समोरून जर्मन त्याच चालीवर लॅटिन शब्द गाऊ लागले, आणि दोन्ही खंदक एकत्र गायले. म्हणजे त्या जागी दोघांना एका सुरात आणणारं गाणं दुसरंच होतं. एकाच गाण्याच्या नावावर सगळं घातलं की हा शिपाई आणि त्याची ती रात्र पुसली जाते.

शिवाय पुढच्या वर्षी, १९१५ मध्ये, गाणं तेच होतं आणि सैनिकही त्याच धर्माचे. वरून कडक हुकूम आले, आणि एखाददुसरी जागा सोडली तर बंदुका चालू राहिल्या.

मावशीने हे सगळं वाचून मला फोन केला. म्हणाली, "अगं, पण उंदीर काढला तर मुलांना गोष्ट कशी आवडेल? आणि देव अडचणीतून वाट काढतो हे खोटं आहे का?" ते खोटं आहे असं मी कशी म्हणेन, तिच्याइतकाच माझाही त्यावर विश्वास आहे. पण त्यासाठी उंदीर कशाला? उन्हाळा न आलेलं वर्ष आहे, दोन देशांत चिरलेलं गाव आहे, बापाने टाकलेला मुलगा आहे. अडचणी या होत्या. उंदराची अडचण एका रात्रीत सुटते, म्हणून ती ऐकायला सोपी. आणि मुलांचं म्हणशील तर, ज्याने शेपूट शिवून घेतली होती त्याला मी नदी, मीठ आणि होड्या सांगितल्या, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "पलीकडच्या काठावर त्याची आजी राहिली असेल तर तो नाताळला तिच्याकडे कसा जाणार?" आता तो नावाड्याचा मुलगा झाला आहे. शेपटीच्या करड्या कापडाची त्याच्या आईने टोपी केली.

नाटिकेच्या शेवटी आम्ही चौथं कडवं म्हणणार आहोत, मराठीत. ते मी करते आहे, अजून पुरं झालेलं नाही. 'भाऊ' हा शब्द दादऱ्याच्या पहिल्या लांब मात्रेवर सुरेख बसतो. 'जगातले सारे लोक' मात्र शेवटच्या चढत्या ओळीत मावत नाही, एक मात्रा सारखी बाहेर राहते. शनिवारच्या तालमीपर्यंत ती आत घ्यायची आहे.